चारातला एक

१३ ऑगस्ट

आज काचेच्या नळीतलं पाणी गढूळ झालं. स्वच्छ राहिलं असतं तर ही डायरी मी उघडलीच नसती. नितेशला कृषी केंद्रातून फुकट मिळालेली, जानेवारीपासून कोरी पडून आहे, प्रत्येक पानाच्या तळाला तणनाशकाची जाहिरात. पण आज घरात कुणाशी बोलावं ते सुचेना, म्हणून इथं.

बार्शीटाकळीला दवाखान्यात नाव नोंदवायला गेले होते. दुसरा महिना संपत आला आहे. वजन केलं, रक्त घेतलं, गोळ्या दिल्या. मग लॅबमधल्या दादांनी रक्ताचा थेंब एका नळीत टाकला, थोडं थांबले आणि नळीच्या मागं रेघांचा कागद धरला. रेघा दिसायला पाहिजेत म्हणाले. मीही वाकून पाहिलं. लालसर ढगाळ पाणी, पलीकडचं काहीच दिसत नव्हतं.

"सिकलसेल दिसते," ते म्हणाले. "घाबरू नोका ताई. तुमी वाहक असान. तुमाले सोताले काई होत नाई. पण मिस्टरले घेऊन या."

मी बी.एस्सी. झालेली बाई. गावात दहावीच्या पोरांच्या शिकवण्या घेते. हा रोग मी फळ्यावर किती वेळा लिहिला असेल. रक्तातल्या गोल पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात, बारीक नसांत अडकतात, आणि जिथं अडकतात तिथं माणूस कळवळतो. बिघडलेला जनुक एकच असला तर माणूस धडधाकट. दोन्ही बिघडलेले आले तर रोग. एक आईकडून येतो, एक बापाकडून. परीक्षेत तीन मार्कांना असतो. आज ऑटोतून घरी येताना तो प्रश्न मीच मला घालत होते, आणि उत्तराचा अर्धा भाग नवऱ्याच्या, नितेशच्या अंगात होता.

भीती वाटते आहे. लिहिल्यानं कमी होईल असं वाटलं होतं, झाली नाही.

१४ ऑगस्ट

नितेशला सांगितलं. अकोल्यात जठारपेठेत मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात आहे तो, दिवसभर दुसऱ्यांचे फोन उघडतो, पण स्वतःच्या बोटाला सुई लावायची म्हटलं तर तोंड उतरलं.

"मले काई नाई. मी कधी आजारी पडलो का?"

"मी तरी कुठं पडली?" मी म्हटलं. चारचौघांत मी त्याला 'तुमी' म्हणते, खोलीत 'तू'. लहानपणापासूनची सवय, जात नाही. तो माझा आतेभाऊ. त्याची आई रुख्मिणी ही माझ्या बाबांची सख्खी बहीण, म्हणजे माझी आत्या आणि आता सासू. आमच्यात हे नवं नाही. आत्याही मामाजींच्या, म्हणजे माझ्या सासऱ्यांच्या, मामाचीच मुलगी. घरची पोरगी घरात, पारखं कुणी नाही, असं सगळे कौतुकानं सांगतात.

आत्यानं दारातून ऐकलं असावं. आत येऊन म्हणाली, "त्याले नेऊ नोको. त्याले काई नाई." मग माझी खालची पापणी अंगठ्यानं ओढून डोळ्यात पाहिलं. लग्न झाल्यापासून हे तिचं चालूच आहे. मी चिडवते, "आत्या, मी काय बाजारातली बकरी आहे का?" ती हसत नाही. कोमट पाण्याचा तांब्या आणून देते, गार पाण्यात हात घालू देत नाही, श्रावणातही कानाला रुमाल बांधायला लावते. शेजारच्या पार्बताबाई म्हणतात, सुनेचे एवढे लाड कुठं पाहिले नाहीत. मलाही बरं वाटतं. सासुरवाशीण झालेच नाही मी.

१९ ऑगस्ट

मामाजींनी जुना बोकड विकला आणि धारणीकडून नवा आणला. जीपमध्ये त्याच्या शेजारी बसून आले, अंगाला वास. मामाजींचं नाव सूर्यभान, पण अख्खं गाव त्यांना बकऱ्यांवरूनच ओळखतं. कुठली बकरी कुणाची, तिची आई किती दूध द्यायची, बाप कुठल्या बाजारातला, सगळं तोंडपाठ.

"दोन सालात बोकड बदलावाच लागते," मला समजावत होते. "नाई त त्याच्याच पाठी, त्याच्याच पोरी, त्याच्याखाली येतात. रक्तात रक्त गेलं का पिलं लुळी निपजतात. काई जगत नाईत, काई जगून उपेगाची नसतात."

मी म्हटलं, मामाजी, हे तुमी कॉलेजात येऊन शिकवा. खूश झाले. चहा पिताना नितेशला म्हणाले, "कायले दवाखान्याच्या मागं लागून राहिले तुमी? पौर्णिमा घरचीच पोरगी हाये. घरच्या रक्तात काय निंगन?"

नितेश उद्या दुकानातूनच परस्पर जाऊन तपासून येतो म्हणाला.

२४ ऑगस्ट

नितेशच्या रक्तातही निघालं. अकोल्याला मोठ्या मशीनवर दोघांचं पुन्हा पाहिलं. चूक नाही. दोघंही वाहक.

तो गाडी लावून बराच वेळ अंगणात उभा राहिला. मी बाहेर गेले नाही.

२५ ऑगस्ट

घरी सांगावंच लागलं. शिकवणीत करते तसं केलं. अंगणातल्या फरशीवर खडूनं चौकोन काढला, त्याची चार घरं पाडली. मामाजी बाजेवर, आत्या सूप घेऊन तांदूळ निवडत, नितेश दाराला टेकून.

"या घरात लेकराले आमचे दोघांचे चांगले जनुक आले, काईच नाई. या दोन घरांत एक चांगला, एक बिघडलेला, म्हणजे आमच्यासारखं. अन् या घरात दोन्ही बिघडलेले. ते लेकरू आजारी."

"म्हणजे चारातला एक," मामाजी म्हणाले. "तीन त आपलेच हायेत. मंग कायले घाबरता?"

आत्यानं सूप खाली ठेवलं. "तो एक होऊन गेला ना आपल्या घरचा."

 ती शकुनबद्दल म्हणत होती. शकुन ही नितेशची लहान बहीण, माझ्याच वयाची. नऊ वर्षांची असताना गेली. कावीळ आणि वात झाला होता असं घरात सांगतात. मला ती आठवते ती स्वेटरमधलीच. भुलाबाईला आम्ही सगळ्या फेर धरायचो आणि ती ओट्यावर बसून टाळ्या वाजवायची.

"एक गेलं," आत्या म्हणाली, "आता बाकीचे चांगलेच रायतीन."

मला हसू यायला लागलं आणि रडूही. तिला वाटतं, घरातलं एक मूल गेलं म्हणजे चौकोनातलं ते घर भरलं. मी समजावलं की तसं नसतं आत्या, हर लेकरासाठी चौकोन नवा काढावा लागते, मागचं त्याले काई मालूम नसते. तिनं ऐकून घेतलं आणि पुन्हा सूप उचललं. रोग कसला, त्यात होतं काय, हे तिनं एकदाही विचारलं नाही. न शिकलेल्या माणसाचं हे बरं असतं. माहीतच नाही तर भीती कशाची वाटणार.

पावसानं रात्रीतून चौकोन धुतला जाईल म्हणून मी तो पुसला नाही. पण आत्यानं संध्याकाळीच बादलीभर पाणी ओतून फरशी घासली.

१२ सप्टेंबर

अमरावतीला जाऊन आलो. अकोल्याच्या डॉक्टरांनी तिथल्या अवनी मॅडमचं नाव दिलं होतं. आत्या हट्टानं सोबत आली, तिला घरी राहवेना.

मॅडम शांतपणे बोलतात, घाईत वाटत नाहीत. चौथ्या महिन्यात पोटातून बारीक सुई घालून बाळाच्या भोवतीचं पाणी काढतील. त्या पाण्यात बाळाच्या पेशी सुटलेल्या असतात. त्यातून डीएनए वेगळा काढायचा आणि जिथं एकच अक्षर बदललेलं असतं तेवढी जागा वाचायची. नमुना मुंबईला जाईल. सुईमुळं गर्भ पडायचा धोका थोडा असतो, तोही त्यांनी लपवला नाही.

"आणि वाईट निघालं तर?" नितेशनं विचारलं.

"तर निर्णय तुमचा. नको असेल तर कायद्यानं वेळ आहे. ठेवलंत तर आता औषधं चांगली आहेत, पुष्कळ मुलं शाळा-कॉलेज करतात. पण त्रास होणारच नाही, असं मी म्हणणार नाही. कुणाला किती होईल ते आधी सांगता येत नाही."

मग त्यांनी विचारलं, घरात कुणी मूल लहानपणी गेलं आहे का? सांधे दुखणं, डोळे पिवळे होणं?

"नाई," आत्या म्हणाली. चटकन.

मला वाटलं, शकुनचं नाव अशा ठिकाणी काढायला तिला अभद्र वाटत असेल. म्हणून मीच सांगितलं. स्वेटर, पिवळे डोळे, थंडीत सुजलेले हात. सांगता सांगताच माझं मला कळलं. इतकी शिकवणी घेते मी, आणि हे मला एवढ्या वर्षांत सुचलं नव्हतं. मॅडम म्हणाल्या, "बहुतेक तोच आजार असणार."

आत्या खिडकीतून बाहेरच्या ऑटोंकडे पाहत होती. मला तिची फार दया आली. पंधरा वर्षं बिचारी काविळीला बोल लावत बसली, आणि खरं काय ते आज परक्या बाईच्या तोंडून ऐकलं.

२० सप्टेंबर

गावात बोभाटा झाला. पार्बताबाई ओट्यावर येऊन बसल्या. "सुई टोचून पाहाले जाता म्हणे. पोरगा हाये का पोरगी ते कळते ना त्याच्यात?"

मी म्हटलं, "बाई, ते सांगत नाईत, आमी विचारत नाई. जेल होते त्याच्यात."

"मंग एवढ्या दूर कायले जाता?"

कायले जाता. खरं सांगितलं तर उद्या आमच्या घराला कुणी मुलगी देणार नाही, आमच्या घरातली घेणार नाही. आत्यानं मला आत ढकललं आणि पार्बताबाईंना सांगितलं की माझ्या अंगात रक्त कमी आहे. नंतर मला म्हणाली, "सुई नोको घेऊ वं बाई. देवानं दिलं ते घ्यावं. पाहून काय करशीन?"

"पाह्यलं नाई त काय करू, आत्या?"

तिनं डोळ्याला पदर लावला. मला तिचा रागच आला. काळजी करते, पण कुठल्याच उपायाला हो म्हणत नाही.

३ ऑक्टोबर

सुई झाली. दुखलं नाही म्हणण्याइतपत दुखलं. पडद्यावर बाळ दिसत होतं, सुई आली तेव्हा ते एका बाजूला सरकलं. मॅडम म्हणाल्या योगायोग असतो. नितेशनं डोळे मिटले होते, मी नव्हते मिटले.

नळीतलं पाणी पिवळसर, स्वच्छ होतं.

११ ऑक्टोबर

वाट पाहणं. शिकवणी घेते आणि पोरं काय विचारतात ते ऐकू येत नाही. गल्लीत भुलाबाईची गाणी चालू आहेत. खिरापत ओळखायला पोरी मला बोलावतात. मी दोनदा चुकीचं ओळखलं, त्या खूश झाल्या.

एक गोष्ट कुणाला सांगितलेली नाही. मी पोटावर हात ठेवत नाही. साडी नेसताना, झोपताना, मुद्दाम नाही. बायका पोटाशी बोलतात, मी बोलत नाही. मला भीती वाटते की ओळख झाली तर मग मला काहीच ठरवता येणार नाही. आणि परवापासून आत काहीतरी हलतं. आधी वाटलं गॅस. गॅस नाही.

नितेशला सांगितलं नाही. सांगितलं तर तो हात ठेवेल.

२४ ऑक्टोबर

अमरावतीहून फोन आला. रिपोर्ट आलाय, दोघं या.

"चांगला हाये का?" मी विचारलं. फोनवरची मुलगी म्हणाली, फोनवर सांगत नाही मॅडम, सगळ्यांनाच बोलावतो. सगळ्यांनाच. मी ते वाक्य दिवसभर उलटं-सुलटं करून पाहिलं. चांगलं असतं तर तिच्या आवाजात कळलं असतं का? नितेश म्हणतो, तिला रिपोर्ट माहीतच नसेल. मामाजी म्हणतात, तीन आपले आहेत. 

२५ ऑक्टोबर

दोन्ही बिघडलेले.

मॅडमनी पाणी दिलं. बाळाच्या नमुन्यात आईचं रक्त मिसळलं नाही ना, तेही तपासलंय म्हणाल्या. चूक असण्याची जागा त्यांनी एकेक करून बंद केली, आणि त्या चांगुलपणानंच करत होत्या. नितेश खुर्चीत वाकून रडला. मी रडले नाही. मला एवढंच कळत होतं की आत ते आत्ता या क्षणीही हलतंय आणि त्याला यातलं काहीच माहीत नाही.

परतीच्या गाडीत बडनेरा मागं पडलं. मग नितेश म्हणाला, "तू म्हणशीन तसं."

मी एवढ्या जोरात ओरडले की गाडीतली माणसं वळून पाहायला लागली. तू म्हणशीन तसं! म्हणजे जे काही होईल ते माझ्या डोक्यावर. नंतर त्यानं माझा हात धरला, आणि मी तो धरू दिला.

२७ ऑक्टोबर

मॅडमनी सांगितलं होतं, ठरवण्याआधी एका पेशंटला भेटा. अकोल्याला गेलो. तिथल्या दवाखान्यातल्या नर्सनं तारा नावाच्या मुलीशी गाठ घालून दिली. डी.फार्म. करते. हाताला रक्ताची पिशवी लावलेली, दुसऱ्या हातानं मैत्रिणीशी फोनवर भांडत होती. माझ्याकडं पाहून फोन ठेवला आणि हसली. डोळे जरा पिवळे.

"घाबरल्या का ताई? मी काई भूत नाई."

मी विचारलं, कसं असतं? तिनं सरळ सांगितलं. "चांगले दिवस असले का चांगलेच असतात. मी गॅदरिंगमध्ये नाचली यंदा. वाईट दिवस आला का मंग हाडात कोणी सब्बल घातल्यासारखं होते. तवा मी आईलेही खोलीतून हाकलून देतो." मग म्हणाली, "मले विचारून ठरवू नोका. माया दोन बहिणी हायेत याच आजाराच्या, अन् आमी तिघीबी येगयेगळ्या. एकीले काईच होत नाई, शेतात जाते. एक बिछान्यावरच हाये."

गेले होते ते काहीतरी सोपं होईल म्हणून. आलो तेव्हा आधीपेक्षा अवघड झालं होतं. मला ती मुलगी फार आवडली. तिच्यासारखी असेल तर? तिच्या बहिणीसारखी असेल तर?

२८ ऑक्टोबर

घरात दिवाळीचा फराळ नाही. मामाजी सकाळपासून गोठ्यात. मी चहा घेऊन गेले तर नव्या बोकडापुढं नुसते उभे. म्हणाले, "जनावराचं एवढं पाह्यलं मी."  कप हातात घेतला आणि प्यायचे विसरले.

दुपारी आत्या सरकीच्या ढिगापाशी बसली होती. मला वाटलं, ती म्हणेल ठेव. सुईला नको म्हणणारी बाई. मी मनातल्या मनात भांडायची तयारी करूनच बसले.

तिनं शकुनचं सांगायला सुरुवात केली. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा.

"शेवटच्या हिवाळ्यात तिले हातच लावू देये ना. गोधडीचाई भार सहन नोयता होत. मी तिले लहानपणी म्हणो ना, तुले बोहारणीजवळून जुन्या लुगड्यावर घेतलं. चिडे ती. तोंड फुगवून बसे. त्या हिवाळ्यात एक दिवस मले म्हणते, आई, मले बोहारणीले वापस देऊन दे."

सरकी हातात तशीच होती.

"मी म्हटलं, असं बोलू नोये वं माय. त म्हणे, तिले सांग, लुगडं नोको म्हणा. फुकट घेऊन जा."

मी तिच्या हातातली सरकी काढून ढिगात टाकली. 

"आता औषधं निंगाली हायेत, आत्या," मी शेवटी म्हटलं. "मी त्या पोरीले पाह्यलं. सगळ्याइले एवढं होत नाई."

"नसन होत. मी आई हावो तिची. ती आली नसती त बरं झालं असतं, असं मले तोंडातून काढता येत नाई. तू मले विचारू नोको. मी फक्त तिनं काय म्हटलं ते सांगतलं." मग म्हणाली, "तू जे करशीन त्याच्यात मी संग हावो."

२९ ऑक्टोबर

ठरवलं. मी ठरवलं, नितेशनं नाही, मॅडमनी नाही, आत्यानंही नाही. इथं लिहून ठेवते, म्हणजे पुढं मला दुसऱ्या कुणाला बोल लावता येणार नाही.

तारासारखं मूल असेल तर मी त्याचा जीव घेते आहे. शकुनसारखं असेल तर सोडवते आहे. कुठलं ते मला कधीच कळणार नाही. ताराची हिंमत माझ्यात नाही, तिच्या आईचीही नाही. मला भीती वाटली आणि भीतीनंच मी ठरवलं. याहून चांगलं कारण शोधलं, सापडलं नाही.

आज पहिल्यांदा पोटावर हात ठेवला. दोन्ही हात ठेवले.

३० ऑक्टोबर

झालं.

३ नोव्हेंबर

भाऊबीज. दर्यापूरहून बाबा आणि अंकुर आले. बाबा दरवर्षी आत्याकडं ओवाळून घ्यायला येतात. त्यांना सांगितलं होतं की पडलं, असंच, आपोआप. गावालाही तेच सांगितलं आहे. बाबांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "होईन बाई, पुढं होईन. मन खराब करू नोको." अंकुर माझा लहान भाऊ, तो माझ्या फोनचं कव्हर काढून पुसत बसला.

मला उठायला मनाई, त्यामुळं अंकुरला मी बाजेवर बसूनच ओवाळलं. मग आत्यानं पाट मांडला, बाबा बसले. कुंकू लावलं, अक्षता लावल्या, ताट फिरवलं. बाबा बोलत होते, अंकुरचं यंदा करून टाकायचं आहे, त्याच्या मामाची रागिणी आहे, घरचीच पोरगी, पाहायला नको काही. बोलत बोलत त्यांनी खिशातून पाकीट काढलं.

आत्यानं ताट मागं घेतलं.

"ओवाळणी नोको मले, दादा. अंकुरचं रक्त तपासून घे. त्या पोरीचंई. मंग सुपारी फोड."

बाबा हसले. त्यांना वाटलं, थट्टा करते. "अवं, घरातल्या घरात काय तपासाचं?"

"पौर्णिमाचं आपोआप नाई पडलं," आत्या म्हणाली. मामाजी आतून उठून दारात आले. आत्या थांबली नाही. "लेकराले शकुनचा आजार होता. तुया पोरीत हाये, माया पोरात हाये. आपल्या घरातूनच आला."

"तुले कोणं सांगतलं हे?"

"अकोल्याच्या डॉक्टरनं. शकुन होती तवाच. हे बाहेर औषध आणाले गेले होते. डॉक्टर म्हणे, बाई, तुमच्या दोघाइच्या रक्तात हाये. पोराचं लगन करसान तवा पोरीचं रक्त पाह्यजा. नात्यातली त करूच नोका." ताट अजून तिच्या हातातच होतं. "मी यायले, नितेशच्या बापाले, नाई सांगतलं. तुले नाई सांगतलं. शकुन गेल्यावर हे घर मले खायाले उठे, दादा. मले माहेरची पोरगी पायजे होती. मी म्हटलं, एक त होऊन गेला, आता नाई होणार. मले मालूम होतं. मले सगळं मालूम होतं."

मी बाजेवर होते. बाबांनी आधी तिच्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं. मलाही हे आत्ताच कळतंय, हे त्यांना माझ्या तोंडावरून कळलं असावं. नितेश भिंतीकडं तोंड करून उभा राहिला. मामाजी दारातच खाली बसले.

बाबांनी पाकीट खिशात घातलं. पाटावरून उठले नाहीत. मग म्हणाले, "किती वाजता उघडते तो दवाखाना?"

सकाळी अंकुरला घेऊन मीच बार्शीटाकळीला जाणार आहे. नळीमागं रेघा दिसतात की नाही ते मला स्वतःच्या डोळ्यांनी पाहायचं आहे. आत्याशी मी अजून एक शब्दही बोललेली नाही. मघाशी ती दाराशी येऊन उभी राहिली आणि विचारलं, मी येऊ का संग. मी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. तिनं तिची चप्पल बाहेर काढून ठेवली आहे.